घरालाही वाढायला जागा लागते!

दोस्तांनो, आज अभ्यास नाही, मोजमाप! आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढा, नाहीतर कंपासपेटीतली पट्टी घ्या. आणि दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून ठेवा. पहिला प्रश्न : तुमच्या घरात किती माणसं राहतात आणि त्यांची वयं काय? दुसरा प्रश्न : आणखी एक माणूस, समजा गावाकडची आजी, कायमची राहायला आली, तर ती झोपणार कुठे? तिची ट्रंक कुठे राहणार? रात्री तिला बाथरूमला जायचं असेल, तर वाटेत किती जणांना ओलांडावं लागेल?

पहिलं उत्तर पटकन लिहिलंत ना? आणि दुसऱ्याला अडलात? बरोबर! कारण आपली बहुतेक घरं बांधताना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. घर बांधणारा विचारतो, ‘खोल्या किती?’ विकत घेणारा विचारतो, ‘किंमत किती?’ पण ‘या घरात सात वर्षांचा नातू आणि सत्तर वर्षांची आजी एकत्र कशी राहतील?’ असं विचारणारे फार थोडे. आज त्या थोड्या लोकांची ओळख करून घेऊ. आणि सुरुवात करू रोडपालीपासून.

गाव जुनं, शहर नवं

रोडपाली कुठे आहे, ठाऊक आहे? पनवेलजवळ, कळंबोलीला अगदी खेटून. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो ते कळंबोली इथून हाकेच्या अंतरावर. एका बाजूला लोखंड-पोलादाचा मोठा बाजार, दुसरीकडे तळोज्याचे कारखाने. आज रोडपाली म्हटलं, की उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. पण रोडपाली हे मूळचं गाव आहे बरं का! या पट्ट्यातल्या गावांचं पोट चालायचं भातशेतीवर, खाडीतल्या मासळीवर आणि मिठागरांवर.

कोकणपट्टीतलं जुनं घर तुम्ही पाहिलं असेल. पुढे ओटी, मग पडवी, मधे माजघर, मागे स्वयंपाकाची जागा आणि परसू. भिंती मातीच्या, विटांच्या किंवा जांभ्या दगडाच्या. वर उतरतं कौलारू छप्पर. आता गंमत बघा. या घरात ‘आजोबांची बेडरूम’ किंवा ‘मुलांची खोली’ अशी पाटी कुठेच नव्हती. पण आजोबांची जागा मात्र ठरलेली : ओटीवर! तिथे बसलं की रस्त्यावरून जाणारा-येणारा दिसे, भात राखता येई आणि अंगणात खेळणाऱ्या नातवंडांवर डोळाही ठेवता येई. म्हणजे म्हातारा माणूस घरात ‘पडून’ नव्हता, कामावर होता!

आणि मुलाचं लग्न झालं की? एका बाजूची पडवी वाढवायची, भिंत घालायची, एक नवी चूल मांडायची. झालं वेगळं बिऱ्हाड! घर माणसांबरोबर वाढायचं. मात्र हे सगळं गोडगोड होतं असं समजू नका. सुनांना दिवसभर चुलीचा धूर आणि विहिरीचं पाणी होतं, आणि स्वतःची म्हणावी अशी एक कोपराभर जागाही नव्हती. तेवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

गावठाणाची रेघ

मुंबईत माणसं मावेनाशी झाली, तेव्हा खाडीपलीकडे नवं शहर वसवावं अशी कल्पना पुढे आली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ती मांडली आणि १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात ती छापून आली. पुढे १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ स्थापन झाली. ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतलं सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचं क्षेत्र नव्या शहरासाठी ठरवण्यात आलं. त्यात ९५ गावं होती. रोडपाली त्यांतलंच एक.

शेतजमिनी घेतल्या गेल्या. घरं जिथे होती ते ‘गावठाण’ मात्र गावकऱ्यांकडे राहिलं. गावठाण म्हणजे गावाच्या वस्तीची जागा. नकाशावर तिच्याभोवती एक रेघ असते. आता एक साधं गणित करा. १९७० मध्ये एका घरात एक जोडपं आणि त्यांचे दोन मुलगे राहत होते. मुलगे मोठे झाले, त्यांची लग्नं झाली. त्यांना प्रत्येकी दोन मुलं झाली. तीही मोठी झाली. एका चुलीच्या तीन झाल्या, मग पाच. पण नकाशावरची रेघ? ती होती तिथेच!

पूर्वी शेताच्या बांधावर घर वाढवता येत होतं. आता शेतच उरलं नव्हतं. मग लोकांनी गावाला लागून मिळेल तिथे घरं बांधली. काहींनी मजले चढवले. त्यांना इथे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. कागदावर ती बेकायदा ठरली. एकीकडे नियम, दुसरीकडे वाढलेली माणसं! वर्षानुवर्षं हा वाद चालला. ती घरं नियमित करण्यासाठी राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय काढला आणि २०२४ मध्ये तो सुधारला.

जमिनीच्या मोबदल्यासाठीही गावकऱ्यांना लढावं लागलं. जासईचे दि. बा. पाटील हे त्यांचे नेते. लोक त्यांना प्रेमाने ‘दिबा’ म्हणत. जानेवारी १९८४ मधल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ‘साडेबारा टक्के’ हे शब्द पनवेल-उरणमध्ये लहान मुलांनाही ठाऊक असतात! अशा भूखंडांवर पुढे अनेक इमारती उभ्या राहिल्या.

यात दोष कुणाचा हे ठरवायला आपण इथे बसलेलो नाही. पण एक धडा मात्र वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे. नकाशा काढणाऱ्याने आजची माणसं मोजली, उद्याची मोजली नाहीत, तर घर आणि नियम यांचं भांडण ठरलेलंच!

छोटं घर, मोठं कुटुंब

आता इमारतींकडे वळू. २०१८ मध्ये सिडकोने तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी इथल्या १४,८३८ घरांसाठी सोडत काढली होती. त्यांतलं सर्वांत लहान घर होतं सुमारे २६ चौरस मीटरचं. २६ चौरस मीटर म्हणजे केवढं? शाळेच्या पटांगणावर खडूने ६ मीटर लांब आणि साडेचार मीटरहून थोडा कमी रुंद असा चौकोन आखा. त्यातच बैठक, झोपणं, स्वयंपाक, न्हाणीघर आणि अभ्यास!

नाक मुरडू नका हं. ज्या कुटुंबाने वर्षानुवर्षं भाडं भरलं, दर अकरा महिन्यांनी सामान बांधलं, त्याला स्वतःच्या दाराची किल्ली मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. अडचण वेगळीच आहे. हे घर वाढत नाही. ताई दहावीला गेली, बाळ रांगायला लागलं, आजोबांना गुडघ्यांनी जिने चढवेनात, तरी घर २६ चौरस मीटरच! मग काय होतं? आजी-आजोबा गावाला एकटे राहतात. किंवा वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसून राहतात, कारण जुन्या चार मजली इमारतीला लिफ्ट नसते. एकदा खाली उतरलं की पुन्हा वर कोण चढणार?

भारतात २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरची माणसं होती १० कोटींहून जास्त. आता त्यांची संख्या आणखी वाढली आहे. म्हणजे ‘आजी कुठे राहणार?’ हा प्रश्न एकट्या तुमच्या घरातला नाही.

बेलापूरचा प्रयोग

याच नवी मुंबईत, बेलापूरच्या टेकडीच्या पायथ्याशी, एका माणसाने या प्रश्नाचं उत्तर शोधून पाहिलं. ते म्हणजे चार्ल्स कोरिया. नव्या शहराची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक! १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी तिथे सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वसाहत आखली. आज तिला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणतात.

कोरियांची युक्ती समजून घ्या. कागद घ्या आणि मधे एक लहान चौक काढा, साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा. त्याच्याभोवती सात घरं. हा झाला एक गट. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि मधे थोडा मोठा, साधारण १२ मीटरचा चौक. तसे तीन मोठे गट एकत्र आले की त्याहून मोठी मोकळी जागा. म्हणजे घराचं अंगण, मग शेजाऱ्यांचा चौक, मग वाडीचं मैदान. रांगणाऱ्या बाळाला पहिला चौक पुरतो, सायकल शिकणाऱ्याला दुसरा आणि क्रिकेटवाल्यांना तिसरा! आणि आजी? ती दारात बसूनच पहिल्या चौकातल्या सगळ्या बाळांवर लक्ष ठेवू शकते.

दुसरी युक्ती तर फार छान आहे. घरं एकमेकांना चिकटवलेली नव्हती. शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला लागलेली नसली, की आपलं घर आपल्याला हवं तसं वाढवता येतं. परवानगी मागायला शेजाऱ्याचं दार ठोठवायला नको. भूखंड लहान होते, ४५ ते ७५ चौरस मीटरचे. गरीब आणि बऱ्या स्थितीतलं कुटुंब यांच्या उत्पन्नात बराच फरक असला, तरी त्यांच्या जागांत फारसा फरक ठेवला नाही. बांधणी साधी होती. गावातला गवंडी बांधू शकेल अशी. शेजारच्या दोन घरांचे संडास पाठीला पाठ लावून बांधले, म्हणजे नळ आणि ड्रेनेजचा खर्च वाचला.

मग आज तिथे काय दिसतं? अनेकांनी मूळचं बैठं घर पाडून तिथे दोन-तीन मजली पक्की घरं बांधली आहेत. काही जण म्हणतात, कोरियांचा आराखडा बिघडला. पण दुसऱ्या बाजूने विचार करा. घर वाढवता यावं हाच तर आराखडा होता! एक खरी अडचण मात्र आहे. प्रत्येकाने आपल्या जागेवर उंच बांधलं, की मधल्या चौकात ऊन आणि वारा कमी येतो. म्हणून वाढायला जागा हवी आणि किती वाढायचं याचा सगळ्यांनी मिळून केलेला नियमही हवा. आणि जमीन महाग झाली, की स्वस्त घर फार काळ स्वस्त राहत नाही. नुसत्या चांगल्या नकाशाने ते थांबत नाही.

पुण्याचा मुलगा

आता आणखी एक नाव. बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, २६ ऑगस्ट १९२७. आई लहानपणीच गेली. आजोबांच्या मोठ्या, एकत्र कुटुंबाच्या घरात ते वाढले. आजोबांचा फर्निचरचा धंदा होता. कुटुंबात माणसं वाढली की घरही वाढे, हे त्यांनी लहान वयातच पाहिलं. पुढे ते मोठे वास्तुरचनाकार झाले आणि २०१८ मध्ये त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं. वास्तुकलेतला हा जगातला फार मोठा मान. तो मिळवणारे ते पहिले भारतीय!

इंदूरजवळ त्यांनी ‘अरण्य’ ही वसाहत आखली. १९८९ मध्ये ती आकाराला आली. साडेसहा हजार भूखंड. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. तिथे गरीब कुटुंबाला पूर्ण घर न देता जोतं, पाणी आणि संडास अशी सुरुवात करून दिली. उरलेलं घर त्यांनी आपल्या ऐपतीने, आपल्या वेगाने बांधायचं. यंदा एक खोली, पोराला नोकरी लागली की दुसरी. घरांना ओटे, बाहेरून जिने. बाहेरचा जिना कशाला? वरचा मजला मुलाच्या संसाराला देता येतो, नाहीतर भाड्याने. ये-जा वेगळी, पण हाक मारली तर लगेच ‘ओ’!

चाळीतला पॅसेज आणि डेन्मार्कचं जेवण

‘पण सगळ्यांना बैठी घरं कशी मिळणार? जमीन कुठे आहे?’ असं तुमच्यातला हुशार माणूस विचारेलच. खरं आहे. मुंबईत तर शंभर वर्षांपूर्वीच हा प्रश्न आला होता. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या गेल्या. एकूण २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. संडास सामाईक. मधला पॅसेज मात्र सगळ्यांचा. पापड तिथे वाळत, कॅरम तिथे रंगत, कुणाची आजी आजारी पडली की पाच मिनिटांत दहा माणसं दारात.

तरीही चाळकऱ्यांना विचारा. रात्री अंधारात सामाईक संडासाला जाणं आजीला आणि मुलींना किती जड होतं, हे ते सांगतील. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा त्यांना आनंद झाला तो उगाच नाही! आता खरी परीक्षा पुढे आहे. चाळीस मजली इमारतीत पॅसेजमधला तो शेजार टिकेल का?

इकडे डेन्मार्कमध्ये बघा काय झालं. तिथे लोकांना भरपूर खोल्या होत्या, पण शेजार नव्हता. १९६७ मध्ये बोडिल ग्रो या लेखिकेने वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘मुलांना शंभर आईबाप हवेत’! तो वाचून काही कुटुंबं एकत्र आली आणि १९७२ मध्ये ‘सेट्टेडामेन’ ही २७ घरांची वसाहत उभी राहिली. प्रत्येकाचं घर स्वतंत्र, स्वयंपाकघरही स्वतंत्र. पण मधे एक सामाईक घर, जिथे एकत्र जेवता येतं. चाळीचा शेजार आणि फ्लॅटची कडी, दोन्ही!

हॉलंडमधल्या डेव्हेंटर गावातला वृद्धाश्रम तर आणखी मजेदार. तिथे काही कॉलेजची मुलं भाडं न देता राहतात. मोबदला काय? महिन्याला ३० तास आजी-आजोबांचा ‘चांगला शेजारी’ व्हायचं. गप्पा मारायच्या, एकत्र जेवायचं, कॉम्प्युटर शिकवायचा. आणि सिंगापूरमधली ‘कंपुंग ॲडमिरल्टी’? कंपुंग म्हणजे मलय भाषेत गाव. एकाच इमारतीत वृद्धांसाठी १०४ घरं, दवाखाना, पाळणाघर, खाण्याचे स्टॉल आणि गच्चीवर बाग. पाळणाघरातली मुलं आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा एकाच आवारात भेटतात. २०१८ मध्ये तिला जागतिक वास्तुकला महोत्सवात वर्षातली सर्वोत्तम इमारत म्हणून निवडलं गेलं.

चला, रोडपालीत घर आखू!

आता पेन्सिल तुमच्या हातात. समजा, रोडपालीत बारा कुटुंबांसाठी घर आखायचं आहे. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळे राहणार. पैसे बेताचेच. कुठून सुरुवात कराल?

आधी पाणी. हा भाग सखल आणि खाडीजवळचा. २६ जुलै २००५ च्या प्रलयात कळंबोलीतही पाणी शिरलं होतं. नवी मुंबईत सिडकोने धारण तलाव बांधले आहेत. भरतीच्या वेळी दारं बंद, पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की दारं उघडतात, पाणी खाडीत जातं. तेव्हा घराचं जोतं उंच हवंच. समजा, ६० सेंटिमीटर. पण मग आजीचे गुडघे? पायऱ्यांबरोबर उतारही द्यायचा. चाकाच्या खुर्चीसाठी नियम आहे एकास बारा, म्हणजे १ सेंटिमीटर चढायला १२ सेंटिमीटर लांबी. ६० सेंटिमीटरला किती? ७२० सेंटिमीटर, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास. एवढी जागा आधीच सोडायला हवी. नंतर कुठून आणणार?

मग आजी. तिचं घर तळमजल्यावर. दरवाजा ९० सेंटिमीटर रुंद. उंबरठा नको. न्हाणीघराची फरशी खरखरीत, भिंतीला धरायला दांडी आणि दार बाहेर उघडणारं. बाहेर का? आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार अडकतं!

मग तुम्ही. अभ्यासाला खोली नाही मिळाली, तर निदान खिडकीपाशी एक मेज. आणि आईला? तिलाही दार लावून पाच मिनिटं शांत बसता येईल असा कोपरा. मघाशी जुन्या घरातल्या सुनांचं वहीत लिहिलंत ना?

मग भिंती. इमारतीचा भार खांबांवर ठेवला, तर मधली भिंत पुढे काढता किंवा घालता येते. आज एक मोठी खोली, उद्या दोन लहान. पण थांबा! कुठल्या भिंतीवर भार आहे ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही.

आता पैसे वाचवू. बारा घरांत पाहुण्यांसाठी प्रत्येकी १० चौरस मीटरची खोली बांधली, तर झाले १२० चौरस मीटर. त्याऐवजी सगळ्यांसाठी मिळून दोन खोल्या बांधल्या, तर २०. वाचले १०० चौरस मीटर! मघाच्या २६ चौरस मीटरच्या हिशेबाने जवळजवळ चार घरांची जागा. वाचनालय, शिलाई मशीन, शिडी, हातोडा, लग्नाची मोठी पातेली यांचंही तसंच.

विटांतही बचत आहे. केरळमध्ये काम केलेले लॉरी बेकर विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचत. मधे पोकळी राहते. तिला उंदराच्या सापळ्याची रचना म्हणतात! विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे घर थंड राहतं. मात्र कोकणातला पाऊस तिरपा मारतो, म्हणून छपराच्या वळचणी लांब हव्यात.

आणि छतावरचा पाऊस? रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. तर ३,००० मिलिमीटरचे? ३ लाख लिटर! पाचवा हिस्सा वाया गेला, तरी २ लाख ४० हजार उरले. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांना ६७५ लिटर. भागाकार करा : ३५५ दिवस! पण उड्या मारू नका. हे पाणी पडतं चार महिन्यांत. सगळं साठवायला १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाकी लागेल. म्हणून थोडं टाकीत, थोडं जमिनीत आणि बाकीचं तलावात, असं वाटून ठेवायचं.

भांडणं होणारच!

एकत्र राहायचं म्हणजे भांडण आलंच. टीव्हीचा आवाज, गाडी लावायची जागा, सामाईक खोली झाडायची पाळी कुणाची, आजारी आजोबांना रात्री कोण बघणार. नकाशा कितीही छान काढा, हे प्रश्न कागदावर सुटत नाहीत. त्यासाठी बैठक लागते, हिशेबाची वही लागते आणि ‘माझं चुकलं’ म्हणायची तयारी लागते. मुलांनीही एक लक्षात घ्या. आजीला सांभाळणं म्हणजे तिला फुकटचं पाळणाघर समजणं नव्हे! तिलाही दुपारची झोप हवी, मैत्रिणी हव्यात आणि कधीकधी ‘आज मी मुलांना सांभाळणार नाही’ असं म्हणायचा हक्क हवा.

आणि आई-बाबांनो, तुम्हीही हा लेख वाचत असाल, तर तुमच्यासाठी दोन शब्द. नवीन घर बांधणं सोपं नाही, हे मुलांनाही कळतं. पण आहे त्या इमारतीत जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा, प्रत्येक मजल्याच्या वळणावर बसायला एक लहान बाक आणि कुलूप लावलेली गच्ची संध्याकाळी दोन तास उघडी, एवढं तर सोसायटीच्या सभेत मांडता येईल? फार मोठा खर्च नाही. वरच्या मजल्यावरचे आजोबा दम खात, बसत-उठत का होईना, खाली येतील.

करून पाहा

१. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत किती पायऱ्या आहेत मोजा. प्रत्येक पायरीची उंची मोजा. १५ सेंटिमीटर असेल तर बरी. १८ च्या वर गेली तर आजीला विचारा, गुडघा काय म्हणतो!

२. बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा. दार आत उघडतं की बाहेर?

३. आजी-आजोबांना विचारा : ‘तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा घरात किती माणसं होती? कोण कुठे झोपायचं?’ त्या घराचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्या. त्यांना रेघ सरळ जमली नाही तरी चालेल.

४. आता त्याच कागदाच्या मागच्या बाजूला बारा कुटुंबांचं घर तुम्ही आखा. प्रत्येक माणसाचं वय लिहा. मग त्याच वयांत वीस वर्षं मिळवा आणि पुन्हा बघा. तुम्ही बारा वर्षांचे असाल तर बत्तीस व्हाल. कदाचित तुमच्या कडेवर बाळ असेल. बाबांचे गुडघे दुखू लागलेले असतील. तेव्हाही तुमचं घर पुरतंय का? पुरत नसेल तर खोडरबर आहेच!